जुना संगणक : भंगार की साधन?

रेवससारख्या खाडीकाठच्या गावात अभ्यासिकेतला संगणक रखडला की 'भंगारात द्या' हा सल्ला लगेच मिळतो. आम्हाला तो मान्य नाही. विंडोज १० चे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले, म्हणून यंत्र निकामी होत नाही. त्यावर मोफत लिनक्स चालते. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवली, रॅम वाढवली की मुलांचे अर्ज भरण्यापुरता वेग येतो.

मात्र खाऱ्या हवेने मदरबोर्डच गंजला असेल, तर समाजाच्या वर्गणीचा पैसा त्यात घालू नये. तेव्हाही तो नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडेच द्यावा. उघड्यावर तारा जाळून तांबे काढणाऱ्याच्या छातीत विषारी धूर जातो, आणि हे काम जात-व्यवस्थेने कोणाच्या माथी मारले, हे आपल्याला सांगायला नको. १ एप्रिल २०२३ पासूनचे ई-कचरा नियम उत्पादकांवर जबाबदारी टाकतात. ती पार पाडून घेणे आपल्या हाती आहे.