हसण्याआडचे एकाकीपण

महानगरात एकट्या राहणाऱ्या, मिळवत्या तरुणीवर विनोदी चित्रपट निघाला की आपल्याकडे दोन ठरलेल्या प्रतिक्रिया उमटतात. कोणाला त्यात स्त्रीमुक्तीचा जयघोष ऐकू येतो. कोणी पाश्चात्त्य स्वैराचार म्हणून नाक मुरडतो. २००१ साली प्रदर्शित झालेला ‘ब्रिजेट जोन्सेस डायरी’ हा चित्रपट या दोन्ही चौकटींत मावत नाही, म्हणूनच तो आजही विचारार्ह वाटतो.

ब्रिजेट जन्मली ती हेलन फील्डिंग यांनी १९९५ पासून लंडनच्या ‘दि इंडिपेंडंट’ या दैनिकात लिहिलेल्या सदरातून. १९९६ मध्ये कादंबरी आली आणि पुढे दिग्दर्शिका शॅरन मॅग्वायर यांनी तिला पडद्यावर आणले. रेने झेल्वेगरने साकारलेली ही बत्तीस वर्षांची नायिका प्रकाशनसंस्थेत नोकरी करते आणि रोजनिशीत वजन, सिगारेटी व मद्य यांचा हिशेब मांडते. आपण एकाकी मरू आणि तीन आठवड्यांनी कुत्र्यांनी अर्धवट खाल्लेला देह लोकांना सापडेल, अशी धास्ती ती बोलून दाखवते. प्रेक्षक हसतात, पण त्या हसण्याखाली केवढे भय दडले आहे!

या कथेचा सांगाडा जेन ऑस्टिनच्या १८१३ च्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’वरून घेतलेला आहे. त्या कादंबरीत पाच मुलींच्या पित्याची मालमत्ता दूरच्या पुरुष वारसाकडे जाणार असते; साहजिकच विवाह हा मुलींच्या उपजीविकेचा प्रश्न ठरतो. ब्रिजेट स्वतः कमावते. पोटापाण्याची चिंता मिटली, तरी सोबतीची ओढ मिटली नाही. आर्थिक स्वातंत्र्य अत्यावश्यक आहे. परंतु माणसाची सारी भूक त्याने भागत नाही, हे सत्य हा चित्रपट हसत हसत सांगून जातो.

ब्रिजेटची राहणी अनुकरणीय आहे, असे कोणी म्हणणार नाही. वरिष्ठाशी जुळलेले तिचे प्रेमप्रकरण फसवणुकीतच संपते. मात्र तिच्या भोवतीचे ‘सुस्थित’ जगही निर्दोष नाही. आई परस्पर स्थळ समोर उभे करते. जेवणाच्या मेजावर विवाहित जोडपी तिच्या अविवाहितपणाची जाहीर झडती घेतात. जशी आहे तशीच ती आपल्याला आवडते, असे मार्क डार्सी सांगतो, तेव्हा तिच्या मैत्रिणी अवाक होतात. इतके साधे वाक्य इतके दुर्मीळ व्हावे, यातच सारे आले.

जानेवारी २०१८ मध्ये ब्रिटिश सरकारने एकाकीपणाचा विषय एका मंत्र्याकडे सोपवला. शासन योजना आखील. संध्याकाळी दार उघडून ‘जेवलीस का?’ असे विचारणार कोण? शिवाय विवाह हीदेखील कायमची हमी नव्हे. २०२५ च्या चौथ्या चित्रपटात ब्रिजेट दोन मुलांची विधवा आई आहे.

पुण्या-मुंबईत भाड्याच्या खोलीत राहून नोकरी करणाऱ्या मुली आज आपल्याही घरोघरी आहेत. ‘लग्न कधी?’ हा प्रश्न त्यांच्या कानांवर पुष्कळदा पडतो, ‘कशी आहेस?’ हा किती वेळा? कुटुंबव्यवस्थेचा अभिमान बाळगणाऱ्या समाजाने आधी या प्रश्नाचे उत्तर द्यावे. मुलींना घराची ओढ वाटावी असे वाटत असेल, तर त्या घरात झडतीपेक्षा जिव्हाळा अधिक असायला हवा.