नियम कपाटात, पाणी कुलपात

ज्या वस्तूला एकच धनी असतो, तिची राखण तो धनी करतो. ज्या वस्तूला अनेक धनी असतात, तिची राखण नियमाने करावयाची असते. आणि नियमच निजला, तर त्या अनेकांपैकी जो बळकट असेल तो एकटाच तिचा धनी होऊन बसतो. हे शास्त्र आमच्या वाचकांना पुस्तकातून शिकवण्याचे कारण नाही. गावची विहीर, गावचे तळे आणि गावचे गायरान यांनी ते आमच्या समाजाला पिढ्यान् पिढ्या शिकवले आहे. तोच प्रश्न आज नव्या वेषात नांदगाव-मनमाडसारख्या शहरांतील गृहनिर्माण संस्थांच्या दारात उभा आहे, म्हणून त्याचा परामर्श घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

नांदगाव हा पाण्याच्या टंचाईशी झगडणारा तालुका. गिरणा धरण याच तालुक्यात आहे, तरी उन्हाळ्यात नळाची वाट पाहणे येथील स्त्रियांना चुकलेले नाही. अशा ठिकाणी इमारतीची सामाईक टाकी ही साधी वस्तू राहत नाही. टाकीची चावी कोणी सोडावयाची, नळाला परस्पर मोटार कोणी जोडली, गच्चीचे कुलूप कोणाच्या ताब्यात आहे, जिन्याखालची जागा कोणी अडवली, एवढे पाहिले म्हणजे त्या इमारतीत लोकशाही नांदते की दांडगाई, हे नवख्या माणसालाही कळते.

पुष्कळ संस्थांत नोंदणीच्या वेळी मिळालेले छापील उपविधी कपाटात पडून असतात. ते कोणी वाचलेले नसतात, मग पाळणार कोण? ते छापले तेव्हा अंगणात मोजकी वाहने होती. आज घरटी दोन आहेत. विजेवर चालणारी गाडी कोठे चार्ज करावी, गच्चीवर सौर पॅनेल कोणी बसवावे, कॅमेऱ्यातील चित्रण कोणी पाहावे, या प्रश्नांना जुन्या कागदात उत्तर नाही. जेथे कागद मुका असतो, तेथे मोठ्या आवाजाचा मनुष्य उत्तर देतो.

काही सज्जन म्हणतील की, आमच्याकडे सारे समजुतीने चालते, नियमांचा काथ्याकूट कशाला? त्यांना आमचा सवाल असा की, ही समजूत कोणाची? कोणी कोणत्या पाणवठ्यावर जावे, हेदेखील गावगाड्यात कोणी लिहून ठेवले नव्हते. तीही ‘समजूत’च होती. अलिखित समजूत ही बहुधा बळकटाच्या सोयीची असते, आणि तिच्याविरुद्ध दाद मागावयाची तर कोणत्या कलमाकडे बोट दाखवणार? एकटी राहणारी विधवा, वरच्या मजल्यावरचा भाडेकरू, नुकतेच राहावयास आलेले परजातीचे कुटुंब, यांना लेखी नियमाखेरीज दुसरा आधार नाही.

परंतु नियम लिहिला म्हणजे काम संपले, असेही समजू नये. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे मंडळात श्री. सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली त्यास अनुसरून चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले झाले. प्रत्यक्षात एक ओंजळही मिळाली नाही. म्हणून २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो बांधवांसह त्या तळ्यावर जावे लागले. लागलीच त्याच वर्षी नगरपालिकेने आपला ठराव फिरवला, आणि उच्च न्यायालयाचा निर्णय मिळावयास मार्च १९३७ उजाडावा लागला. अंमलाविना ठरावाची किंमत काय, हे याहून स्पष्ट कोणी सांगावे?

आता कायद्याची वाट पाहू. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात २०१९ साली गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले आहे. उपविधीत बदल करावयाचा तर आदर्श उपविधींप्रमाणे १४ दिवस आधी सर्व सभासदांना सकारण सूचना द्यावी लागते. सर्वसाधारण सभेत हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशांची संमती लागते. आणि निबंधकांकडे नोंदणी झाल्यावाचून तो बदल अंमलात येत नाही. सचिवाने रात्रीतून फलकावर चिकटवलेला कागद म्हणजे उपविधी नव्हे, हे प्रत्येक सभासदाने ध्यानात ठेवावे.

खर्चाची वाटणीही आदर्श उपविधींनी सांगितली आहे. सेवाखर्च सर्व सदनिकांना समान, पाण्याचा आकार नळांच्या संख्येवर व मापावर, दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या वार्षिक किमान ०.७५ टक्के आणि निक्षेप निधी किमान ०.२५ टक्के. थकबाकीवर सभा ठरवील ते सरळ व्याज, पण २१ टक्क्यांहून अधिक नाही. नियम मोडणाऱ्यास आधी कारणे दाखवा नोटीस, मग सभेपुढे आपले म्हणणे मांडण्याची संधी आणि त्यानंतरच दंड. थकबाकीच्या वसुलीसाठी निबंधकांचा दाखला मिळवण्याची तरतूद आहे. असे असता एखाद्या घराचे पाणी तोडून वसुली करणे हा निव्वळ जुलूम होय. तहानेचे हत्यार कोणी कोणावर उगारावे, आणि आमच्या समाजाने तर ते मुळीच उगारू नये.

सामाईक जागा विकण्याची वस्तू नाही, हेही ठरून गेले आहे. दहिसरच्या पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१० मध्ये निर्णय दिला की, इमारतीखालची खांबांमधील वाहने ठेवण्याची जागा विकासकाला स्वतंत्रपणे विकता येत नाही. ती सर्वांची आहे.

उलट दिशेचा निर्णयही वाचकांनी विसरू नये. अहमदाबादच्या एका झोरोॲस्ट्रियन गृहनिर्माण संस्थेने सभासदत्व पारशांपुरते राखून ठेवले होते. एप्रिल २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उपविधी वैध ठरवला. उपविधीतील एका ओळीत दार लावण्याचे किती सामर्थ्य असते, हे यावरून दिसते. तेव्हा सभासदत्वाचे कलम प्रथम वाचावे. आणि अस्पृश्यतेच्या कारणाने कोणत्याही वस्तीत घर घेण्यास किंवा राहण्यास कोणी अडथळा करील, तर १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण अधिनियमाने तो गुन्हा आहे, हे निःशंकपणे सांगावे.

व्यवस्थापक समितीत अनुसूचित जाती-जमातींसाठी एक, इतर मागासवर्गांसाठी एक, विमुक्त व भटक्या जमातींसाठी एक आणि स्त्रियांसाठी दोन जागा कायद्याने राखल्या आहेत. त्या रिकाम्या राहिल्या तर दोष कायद्याला देता येणार नाही.

आमच्या बांधवांनाही दोन शब्द सुनावणे आमचे कर्तव्य आहे. जो देखभाल खर्च थकवतो, सभेला येत नाही, आणि मागाहून अन्याय झाला म्हणून ओरडतो, त्याच्या ओरडण्याला वजन येत नाही. हक्काची भाषा बोलणाऱ्याची पावती प्रथम चुकती असावी. समितीत आपला मनुष्य असेल, तर नियमाचा पहिला अंमल त्याच्याच दारापुढील अतिक्रमणावर व्हावा. दुसऱ्याची मोटार काढावयास सांगण्यापूर्वी अध्यक्षाने स्वतःची काढावी. मग इतरांना फार सांगावे लागत नाही.

वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घेणे बंधनकारक आहे. त्याआधी उपविधींची प्रत मागून घ्या, ती घरात मोठ्याने वाचा, स्त्रियांनाही ऐकवा. कारण पाण्याचा हिशेब त्यांच्याइतका कोणाला ठाऊक नाही. पाणी, गच्ची, वाहने आणि दंड या चार विषयांवर दुरुस्ती लिहून द्या, सभेला जा, मत द्या, आणि इतिवृत्तात त्याची नोंद झाल्याखेरीज उठू नका. टाकीची चावी सर्वांना दिसेल अशा जागी टांगली गेली आणि पाणी सोडण्याची वेळ फलकावर लागली, तर त्या इमारतीपुरते तरी तळे खुले झाले असे म्हणता येईल.