जमिनीखालची गळती कशी ओळखतात?



नळ टपकू लागला की आपण वायसर बदलतो, कारण ती गळती डोळ्यांना दिसते. पण रस्त्यातून घरापर्यंत येणारा पाइप जमिनीखाली फुटला तर पाणी मातीत मुरते आणि वर एक थेंबही दिसत नाही. दहा मिनिटांत एक लिटर पाणी गळाले तरी चोवीस तासांत १४४ लिटर वाया जाते. इंग्लंडमध्ये १९८९ साली पाणीपुरवठा खासगी कंपन्यांकडे गेला. तेथे अशी गळती कशी शोधतात ते आज आम्ही सांगणार आहोत.

शहराचे लहान विभाग पाडून प्रत्येकाच्या तोंडाशी मीटर बसवतात. पहाटे २ ते ४ च्या सुमारास सारे झोपलेले असतात. तरीही मीटर जोरात फिरत असेल तर गळती आहे असे समजतात. मग काम कानाचे! दाबाखालचे पाणी छिद्रातून निसटताना सूंऽऽ असा आवाज होतो. कामगार रस्त्यातील व्हॉल्व्हवर लांब कांडी टेकवून दुसऱ्या टोकाला कान लावतो. पुढे पाइपावर दोन ठिकाणी आवाज टिपणारी उपकरणे ठेवतात. आवाज कोठे आधी, कोठे उशिरा पोहोचला यावरून छिद्राची जागा काढतात. प्लास्टिकच्या पाइपात आवाज लवकर विरतो. तेव्हा पाइपात निर्धोक वायू सोडून तो जमिनीतून कोठे वर येतो ते पाहतात.

शेवटी घरातील मुख्य व्हॉल्व्ह बंद करतात. तरीही रस्त्याकडेचे मीटर फिरत राहिले तर गळती मीटर आणि घर यांच्यामध्ये आहे. तेथे घराच्या हद्दीतील पाइपाची जबाबदारी घरमालकाची असते.

आपल्याकडे बहुतेक शहरांत पाणी ठरावीक वेळच येते. त्यामुळे गळतीचा आवाजही तेवढाच वेळ ऐकू येतो. पण खरा धोका पाणी गेल्यानंतरचा आहे. पाइपातील दाब उतरतो आणि ज्या छिद्रातून पाणी बाहेर जात होते, त्यातूनच गटाराचे पाणी आत शिरते. कित्येक वस्त्यांत नळाचे पाइप गटारातूनच गेलेले असतात. जुलाब, कावीळ, विषमज्वर घरात येतात ते या वाटेने. म्हणून गळती हा मुलाबाळांच्या जिवाचा प्रश्न आहे.

घरी एवढे करून पाहा. पाणी आलेले असताना सर्व नळ आणि टाकीचा व्हॉल्व्ह बंद करा. मीटरचा आकडा लिहून ठेवा आणि अर्ध्या तासाने पुन्हा पाहा. आकडा पुढे सरकला तर पाइप गळतो आहे. नळाला प्रथम गढूळ किंवा वासाचे पाणी आले तर ते भरू नका, आणि पिण्याचे पाणी उकळूनच घ्या. शेजारच्या बिऱ्हाडांच्या सह्या घेऊन पाणी खात्याकडे लेखी तक्रार द्या व तिची पोच जपून ठेवा. तोंडी तक्रार विसरली जाते, पोच असलेला कागद दाखवता येतो.