पंचगंगेसाठी ६० दिवसांची मुदत : जाहीर इशारा

कोल्हापूर महापालिका, इचलकरंजी महापालिका आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ यांना पंचगंगाकाठच्या आम्हा रहिवाशांचा हा जाहीर इशारा. निवेदने देण्याचे दिवस संपले. आजपासून ६० दिवसांत मैला आणि कारखान्यांचे सांडपाणी नदीत मिसळणे थांबले पाहिजे. नाहीतर आम्ही न्यायालयात जाणार.

कसबा बावड्यात रोज ७६ दशलक्ष लिटर आणि दुधाळीत रोज १७ दशलक्ष लिटर क्षमतेचा सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प उभा आहे. जयंती नाला बंधारा घालून अडवायचा आणि मैलापाणी पंपाने उचलून बावड्याला न्यायचे, अशी योजना आहे. पण वीज गेली किंवा पंप बंद पडला, की तेच पाणी बंधाऱ्यावरून सांडून थेट नदीत उतरते. जे पाणी प्रकल्पापर्यंत पोहोचतच नाही, ते शुद्ध होणार कसे? म्हणून क्षमतेचे आकडे आता आम्हाला ऐकवू नका. रोज मैला किती आला, उपसला किती आणि नदीत गेला किती, ते सांगा.

२०२३ च्या दिवाळीत काळम्मावाडी धरणाचे पाणी थेट पाइपलाइनने कोल्हापुरात आले. शहराने ते अनेक वर्षे झगडून मिळवले. पण शहराची तहान धरणाने भागवली म्हणून नदी गटारासाठी मोकळी झाली, असे कुणी समजू नये. खाली शिरोळ तालुक्यातली गावे याच नदीवर जगतात. नृसिंहवाडीच्या संगमावर भाविक याच पाण्यात उतरतात. मैला कुजताना पाण्यातला प्राणवायू ओढून घेतो. उन्हाळ्यात बंधाऱ्यांत पाणी तुंबले, की तेरवाडला मेलेल्या माशांचा खच पडतो आणि केंदाळ नदी झाकून टाकते. २०१२ मध्ये इचलकरंजीत दूषित पाण्यातून काविळीची साथ पसरली, हजारो लोक आजारी पडले, माणसे दगावली. आणखी कोणता पुरावा हवा?

आमच्या मागण्या :

१. प्रत्येक नाल्याच्या उपसा केंद्रावर जनरेटर आणि जादा पंप बसवा. वीज गेली, हे कारण यापुढे चालणार नाही.

२. आलेला, उपसलेला आणि नदीत गेलेला मैला यांची रोजची नोंद पंचगंगा घाटावर फलकावर लावा.

३. न अडवलेल्या प्रत्येक नाल्याचे नाव, कामाची तारीख आणि जबाबदार अधिकाऱ्याचा हुद्दा जाहीर करा.

४. इचलकरंजीच्या काळ्या ओढ्यात प्रक्रियेविना पाणी सोडणाऱ्या प्रत्येक कापड प्रक्रिया कारखान्याची वीज आणि पाणी मंडळाने तोडावे. जल अधिनियमाच्या कलम ३३अ ने तो अधिकार दिलेला आहे. तो वापरा.

५. नदीच्या पाण्याच्या तपासणीचे सर्व अहवाल नागरिकांना मागताक्षणी द्या.

निधी नाही, हे उत्तर देऊ नका. पैसा नाही म्हणून नगरपालिकेला स्वच्छतेचे कर्तव्य टाळता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच रतलामच्या खटल्यात बजावले. सांडपाणी प्रकल्प तीन वर्षांत उभारा, असा आदेश त्याच न्यायालयाने फेब्रुवारी २०१७ मध्ये देशभरातल्या स्थानिक संस्थांना दिला. ती मुदतही कधीच उलटली.

१९७४ च्या जल अधिनियमाचे कलम ४९ कोणाही नागरिकाला ६० दिवसांची नोटीस देऊन न्यायालयात तक्रार करण्याचा हक्क देते. तशी रीतसर नोटीस मंडळाला आजच देत आहोत. सोबत राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठाकडेही दाद मागू आणि भरपाईचा बोजा करदात्यांवर न टाकता कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यांवर टाकावा, अशी मागणी करू.

या साठ दिवसांत काम दाखवाल, तर आम्ही खांद्याला खांदा लावून उभे राहू. ६१ व्या दिवशी मात्र चर्चेचे निमंत्रण पाठवू नका. त्या दिवशी आपली भेट न्यायालयातच होईल.

— पंचगंगाकाठचे रहिवासी