मामांची गाडी आणि गव्हर्नरसाहेब

वाचकहो, दिवाळी अंकात सदर लिहिणाऱ्याने फराळासारखे काही खुसखुशीत द्यावे, अशी रीत आहे. आमच्या हाताला मात्र यंदा बेसनाऐवजी ग्रीसचा वास येतो आहे. त्याला कारण आमचे मामा.

मामांचा वरुडजवळ संत्र्यांचा बगीचा आहे. वय ऐंशीच्या घरात आणि दोन्ही गुडघ्यांनी असहकार पुकारलेला. आंबिया बहाराची फळे झाडावर रंग धरत असताना आपण ओट्यावर बसून राहायचे, हे त्यांच्या मनाला फार लागले. तक्रार अशी त्यांनी केली नाही. फोनवर एवढेच म्हणाले, "भाचेबुवा, औंदा झाडं मले ओयखतीन का नाई, काय मालूम." त्या रात्री आम्हाला जेवण गेले नाही.

योगायोग असा की, त्याच आठवड्यात अकोल्यात एका भंगारवाल्याच्या आवारात एक बुटकी गाडी दिसली. दोन माणसांची बैठक, वर छप्पर, दारे मुळीच नाहीत. अमेरिकेत श्रीमंत मंडळी गोल्फ खेळताना जिच्यातून हिंडतात, ती ही गाडी. आजकाल अशा गाड्या बहुधा बॅटरीवर चालतात. ही मात्र पेट्रोलची निघाली. अमेरिकन लोक पेट्रोलला 'गॅस' म्हणतात. गाडीवरच्या पट्टीत तो शब्द होता, तो आम्ही फोनवर वाचून दाखवला, तेव्हा मामींनी पहिला प्रश्न केला, "सिलिंडर कुठं ठेवाचं?"

गाडी आमच्या मिस्त्रींकडे नेली. बैठक उचलताच त्यांचा चेहरा खुलला. "भाऊ, हे तं आपल्या स्कुटरचंच पोट हाय!" बोलणे अगदी खरे. 1984 साली किनेटिक होंडा आली, तेव्हापासून बिनगिअरचा पट्टा आपल्याकडच्या कारागिरांच्या ओळखीचा आहे. इंजिनाचा वेग वाढला की पुढच्या पुलीतली वजने बाहेर फेकली जातात, पुलीच्या दोन थाळ्या जवळ येतात आणि पट्टा वर चढतो. तसतशी मागची पुली उघडत जाते. गिअर आपोआप बदलतो. दुसरी गंमत डायनामोची. पाय दाबला की तोच इंजिन फिरवून चालू करतो आणि इंजिन चालू झाले की तोच बॅटरी भरतो. पाय काढला की इंजिन बंद! किक नको, क्लच नको. मामांच्या गुडघ्यांसाठीच कुणी योजले असावे असे हे यंत्र.

पण दुरुस्ती सोपी नव्हती. साचून राहिलेल्या पेट्रोलने कार्बोरेटरचे जेट बुजले होते. उंदरांनी वायरिंगचा फराळ केला होता. पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या, पट्टा चिरलेला, डायनामोचे कार्बन संपलेले. हे सगळे निस्तरून मग मिस्त्रींनी फेरफार केले. चढायला एक जादा पायरी, धरायला दांडी, मागे संत्र्यांच्या दोन कॅरेटपुरती पेटी. मूळ टायर हिरवळीवरचे, गुळगुळीत. वऱ्हाडच्या काळ्या मातीत ते जागच्या जागी फिरत बसले असते. म्हणून त्याच मापाचे खाचांचे टायर अमरावतीहून आणले.

येथवर सारे गोडीगुलाबीने चालले होते. पुढे आमच्या चिरंजिवांचे लक्ष गव्हर्नरकडे गेले. ही गाडी ताशी वीस-पंचवीस किलोमीटरच्या पुढे जात नाही, कारण वेग वाढू लागला की गव्हर्नर कार्बोरेटरचा दांडा मागे ओढतो. चिरंजिवांनी फोनवर कुठेसे पाहून तो बंदोबस्त सैल केला. मोकळ्या मैदानावर गाडी अशी काही सुटली की पोरांनी टाळ्या पिटल्या, आणि खरे सांगायचे तर आम्हीही.

मिस्त्री मात्र गप्प होते. त्यांनी मैदानावर चुन्याची रेघ ओढली, मामांच्या जागी धान्याचे पोते ठेवले आणि चिरंजिवांना म्हणाले, "आता रेघेवर ब्रेक मारा." गाडी रेघ ओलांडून कितीतरी पुढे गेली आणि तिरपी होऊन थांबली. पोते खाली पडून फुटले होते. अशा गाडीला ब्रेक असतात ते फक्त मागच्या दोन चाकांना. शिवाय वेग दुप्पट झाला की थांबायला अंतर चौपट लागते, हे आपण सर्वांनी शाळेत पाठ केलेले असते. "इंजिनाले जोर आला, ब्रेकले कोठून येईन?" मिस्त्री म्हणाले. चिरंजिवांनी सांडलेले धान्य भरले आणि कुणी न सांगता गव्हर्नर पूर्ववत केला. मिस्त्रींनी ब्रेकचे लायनरही नवे बसवले.

"मग चालवतच न्या की वरुडला," शेजारी म्हणाले. तेही होणे नव्हते. 1988 च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे नोंदणीवाचून वाहन सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातून किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली, तेव्हा आनंद महिंद्रांनी त्यांचे भरभरून कौतुक केले. पण ही गाडी नियमांत बसत नाही हेही सांगितले आणि 2022 च्या जानेवारीत तिच्या बदल्यात लोहारांना बोलेरो दिली. आमच्यामागे असे कोणी महिंद्रा उभे नव्हते. आम्ही आपला टेम्पो केला.

अकोला-अमरावती हा रस्ता वेगाचा मानकरी आहे. 2022 च्या जूनमध्ये लोणी ते माना या टप्प्यात 105 तास 33 मिनिटांत 75 किलोमीटर डांबरीकरण झाले आणि गिनीजमध्ये त्याची नोंद झाली. याच वाटेवर मूर्तिजापूर लागते, आमच्या शकुंतलेचे माहेर. 1921 साली मँचेस्टरला बनलेल्या वाफेच्या इंजिनाने ती गाडी सात दशके ओढली. 1994 साली डिझेलचे इंजिन आले, तरी तिची चाल संथच राहिली. पुढे ती धावायची थांबली; पण तिच्या वेगाला नावे ठेवणारी माणसेच आज तिच्यासाठी हळहळतात.

वरुडला पोचलो तेव्हा उन्हे कलली होती. मामांनी दांडी धरली, पायरीवर पाय ठेवला आणि कुणाचा हात न घेता चढून बसले. चिरंजीव शेजारी. गाडी दोन ओळींमधून हळूहळू निघाली. एका जुन्या झाडापाशी मामांनी पाय उचलला. इंजिन बंद पडले. त्यांनी बसल्या जागेवरून फांदी ओढून घेतली, पाने उलटी करून पाहिली, एक संत्रे अंगठ्याने दाबून पाहिले. आम्ही मागून चालत पोचलो, तेव्हा त्यांनी डोळे पुसलेले होते.

"हे बेस हाय, भाचेबुवा," मामा म्हणाले. "आपुन थांबलो का थे बी गप राह्यते."