पुनर्जन्म झाल्यावरच ‘नाही’ म्हणायचे?

बायका काय वाचतात, याकडे आपण चळवळीतल्या बायकांनी नेहमी थोड्या संशयानेच पाहिले आहे. आता मोबाईलवर भागाभागांनी येणाऱ्या अद्भुत कथामालिकांची पाळी आहे. २०१४ साली बंगळुरात सुरू झालेल्या ‘प्रतिलिपी’वरच्या मराठी मालिका वाचणाऱ्या जणी मला वस्तीत, बचतगटांत, मुलींच्या वसतिगृहांत भेटतात. पुनर्जन्म, शाप, इच्छाधारी नागीण, राजघराण्यातला गूढ नायक असा सगळा मामला. ‘रिकामटेकडे वाचन’ म्हणून तो झटकणे सोपे आहे. पण बायकांना त्यातून काय मिळते?

एक तर हक्काची दहा मिनिटे. छोटा भाग कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत वाचून होतो. दुसरे, या मालिका लिहिणाऱ्याही पुष्कळदा घरसंसार सांभाळणाऱ्या बायकाच असतात. आपल्यासारखीच कोणीतरी लिहिते, याचे अप्रूप असते. तिसरे आणि महत्त्वाचे म्हणजे दुसरी संधी. सासरी मारली गेलेली नायिका पुन्हा जन्म घेते, कोणी घात केला हे तिला ठाऊक असते, आणि या खेपेला ती फसत नाही. क्रमशः वाचनाची गोडी मराठीला जुनीच आहे. १८९० साली सुरू झालेल्या ‘करमणूक’मधून हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो!’ अशीच भागाभागांनी आली. केशवपन झालेल्या त्यातल्या यमूला दुसरी संधी नव्हती. आजची वाचक ती मागते आहे, यात गैर काय?

प्रश्न पुढेच आहे. नायिकेच्या हातात वीज येते, पण नायक तिला कोंडून ठेवतो, तिच्यावर पहारा ठेवतो, आणि त्याला प्रेम म्हटले जाते. शक्तीही तिला बहुधा राजरक्तातूनच मिळते. धुणीभांडी करणारी बाई दासीच राहते. हे आक्षेप माझे एकटीचे नाहीत. बैठकीत विषय निघाला की वाचणाऱ्या जणीच हे बोलून दाखवतात. अद्भुत कथेत साप माणूस होतो, मेलेली बाई परत येते. मग पुरुषाने विचारल्याशिवाय हात धरू नये, एवढी साधी कल्पनाच का सुचू नये?

म्हणून बंदीची किंवा उपदेशाची भाषा नको. आपल्या गटांत एखादा भाग मोठ्याने वाचावा, त्यावर भांडावे. मालिका चालू असतानाच वाचकांचे मत लेखिकेपर्यंत पोचते. पुढचा भाग अजून लिहायचा असतो. तेव्हा आपल्याला काय खुपते, ते तिला कळवावे. मनोरंजनाचा हक्क बायकांना आहेच. त्या मनोरंजनात ‘नाही’ म्हणायला आधी मरावे लागू नये, एवढेच मागणे आहे.