जुनी मोटार व घरची दुरुस्ती

मोटार जुनी झाली कीं ती भंगारवाल्याच्या वाट्याला जावयाची, आणि फारच नामांकित असली तर एखाद्या धनिकाच्या अंगणांत शोभेला उभी राहावयाची, असा आपल्याकडे समज आहे. ह्या दोहोंखेरीज तिला तिसरी एक जागा आहे. ती म्हणजे सामान्य मनुष्याच्या घरामागची पत्र्याची शेड. तेथें बसून जुनी मोटार स्वतःच्या हातांनीं चालती करणें हा रिकामटेकड्यांचा उद्योग नव्हे, असें प्रस्तुत लेखकाचें मत आहे. पुणें-बंगळूर हमरस्त्यावरील आपल्या मलकापुरांत तें मांडावयास संकोच कशाला? ज्या मुलुखांत १९१० सालीं लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं ओसाड माळावर लोखंडी नांगरांचा कारखाना उभारला, त्या मुलुखाला यंत्राचें वावडें असूं नये.

उदाहरणार्थ एम. जी. टी. सी. ही स्पोर्ट्‌स मोटार घेऊं. १९४५ ते १९४९ ह्या अवधींत इंग्लंडांतील ॲबिंग्डन येथें अशा सुमारें दहा हजार मोटारी तयार झाल्या. दोघांचीच बैठक, सायकलीसारखीं तारांचीं चाकें, १२५० घन सेंटिमीटरचें चार सिलिंडरांचें इंजिन आणि ताशीं सुमारें ७५ मैलांचा वेग. आजची साधी मोटारही तिला सहज मागें टाकील. परंतु तिचें अंग उघडून पाहिलें म्हणजे आश्चर्य वाटतें, कारण पत्र्याच्या आंत लांकडाचा सांगाडा निघतो! ॲश नांवाच्या विलायती लांकडाचे तुकडे एकमेकांत सांधून त्यांवर पत्रा बसविलेला असतो. तें लांकूड कुजून दारें लोंबूं लागलीं कीं मोटार-मिस्त्री हात टेकतो. तेथें सुतारच लागतो. ॲश आपल्याकडे मिळत नाहीं, सागवान मिळतें. सागाला ॲशची लवचीकता नाहीं हें खरें, पण पाण्याला व वाळवीला तो सहसा दाद देत नाहीं. मूळचेंच लांकूड हवें असा हट्ट धरणाऱ्यांनीं तें खुशाल परदेशांतून आणवावें. बैलगाडी बांधलेल्या सुताराच्या हातचा सागाचा सांधा मला अधिक भरंवशाचा वाटतो.

ह्याहून मनोरंजक गोष्ट बोल्टांची आहे. ह्या इंजिनाच्या बोल्टांचीं डोकीं इंग्रजी विटवर्थ मापाचीं आहेत, म्हणून पाना इंग्रजी लागतो. पण बोल्टावरचे आटे मात्र मिलिमीटरच्या मापाचे! विलायती गाडींत हें फ्रेंच माप कोठून आलें? हॉचकिस ह्या फ्रेंच कंपनीचा कॉव्हेंट्री येथील कारखाना मॉरिस यांनीं १९२३ सालीं विकत घेतला. तेथील यंत्रें फ्रेंच मापानें आटे पाडीत. तीं सारीं बदलण्यापेक्षां आटे तसेच ठेवावे व डोकें तेवढें इंग्रजी करावें, म्हणजे गिऱ्हाइकाचे पाने चालतील, असा व्यवहारी तोडगा निघाला, आणि तो पुढें पुष्कळ वर्षें टिकला. ज्याला हें ठाऊक नाहीं तो बाजारांतील दिसायला सारखा बोल्ट बळेंच पिळतो, आणि इंजिनाच्या ओतीव लोखंडांतील आटे कायमचे नासतात. एका बोल्टांत एवढा इतिहास दडलेला असतो. पाठ्यपुस्तकांतल्या सनावळीपेक्षां तो मुलाच्या अधिक ध्यानांत राहील, अशी माझी खात्री आहे.

अशीं कामें बहुधा पैशावांचून अडत नाहींत, तीं घाईनें अडतात. उत्साही तरुण आठ दिवसांत सगळी गाडी सुटी करतो, आणि पुढें दहा वर्षें तिचे भाग पोत्यांत पडून राहतात. एका वेळीं एकच अंग उघडावें, प्रत्येक भागास चिठ्ठी बांधावी, छायाचित्र घ्यावें. इंजिन जाम झालेलें असेल तर गाडी ओढून तें फिरविण्याचा अविचार करूं नये. प्लगच्या भोंकांतून तेल सोडून आठवडाभर वाट पाहावी, मग पुढच्या हँडलनें हलक्या हातानें फिरवून पाहावें. लहान भागांचा गंज काढण्याची युक्ति तर शाळेच्या प्रयोगशाळेंतलीच आहे. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यांत गंजका भाग बॅटरी-चार्जरच्या ऋण टोकाला व जुना लोखंडी पत्रा धन टोकाला जोडला कीं गंज सुटूं लागतो. मात्र हें उघड्या हवेंत करावें, कारण हायड्रोजन वायु निघतो. आणि स्टेनलेस स्टीलचा पत्रा कदापि वापरूं नये, त्यांतून विषारी क्रोमियम पाण्यांत उतरतें. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखालीं शिरूं नये, हें सांगावयास नकोच. पण शिरणारे शिरतात.

मोटार आरशासारखी चकचकीत करून घेणाऱ्यांशीं माझें जमत नाहीं. ओगलेवाडीचा जुना प्रभाकर कंदील घरांत असला तर आपण त्याची कांच पुसतों, वात कापतों. त्याला सोनेरी मुलामा देत नाहीं. मूळचा रंग जेथें टिकला आहे तेथें तो राहूं द्यावा.

आतां सरकारी नियमाविषयीं. २०२१ सालीं केंद्र सरकारनें पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपांतील खासगी वाहनांसाठीं निराळी नोंदणी सुरू केली. नव्या नोंदणीचें शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षें, व पुढील नोंदणीस ५,००० रुपये. सांगाड्यांत, बाहेरच्या अंगांत वा इंजिनांत मोठा फेरफार नसावा ही अट योग्यच आहे. पण अशी गाडी नित्य वापरावयाची नाहीं. प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन व दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर यावी, हें बंधन मला जाचक वाटतें. उभ्या गाडींत पेट्रोलचा चिकटा कार्बुरेटरांत बसतो व ब्रेकचीं रबरें आखडतात. त्यांत २०२३ पासून वीस टक्के इथेनॉलचें पेट्रोल आलें. आपल्या कृष्णाकांठच्या उसाला त्यानें गिऱ्हाईक मिळालें ही आनंदाची गोष्ट, परंतु इथेनॉल हवेंतील पाणी शोषतें व जुन्या रबरी नळ्या खातें, म्हणून अशी गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवणें पूर्वींपेक्षां अधिक घातक झालें आहे. वर्षाकांठीं ठराविक किलोमीटरांची मर्यादा घालून ती मोकळेपणीं चालवूं द्यावी. आणि ज्यानें गाडी स्वतः घरीं दुरुस्त केली आहे, त्याच्याकडून वीस हजारांऐवजीं पुढील नोंदणीएवढेंच शुल्क घ्यावें. रॅलीच्या हौशी धनिकाला ती रक्कम जाणवणार नाहीं. मलकापूरच्या फिटरला ती नव्या टायरांपुरती तरी होते.